डावा व्हॉल्व्ह

राजापेठेत भाजी घेऊन आले तर माझ्या स्कूटीच्या दोन्ही अंगांना कोणी मोटारसायकली खुपसून ठेवलेल्या. तशी ही रोजचीच गोष्ट. मी पिशवी हुकला अडकवली, आधी हँडल कुठे वळवायचं, मागचं चाक किती सरकवायचं हे मनाशी ठरवलं आणि डावा हात पुढे केला. तेवढ्यात पानठेल्यावरचा एक तरुण आला, 'राहू द्या काकू, मी काढून देतो' म्हणाला, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत गाडी काढून, फिरवून, चालू करून त्यानं रस्त्याकडे तोंड करून उभीसुद्धा केली. मी 'थँक्यू बेटा' म्हटलं. तो गेला. माझा डावा हात मात्र जिथे हँडल असायला हवं होतं तिथेच, हवेत, अर्धवट वळलेल्या बोटांनी राहिला होता. मी त्या हाताकडे पाहिलं. रविवारी, परीक्षेच्या वेळी, पाण्याखाली, हा हात अगदी असाच राहिला होता. तेव्हा कळलं नव्हतं. भर बाजारात, पालकाच्या जुडीशेजारी उभं राहून कळलं. डाव्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह मी आजवर एकदाही स्वतः उघडलेला नाही. दर वेळी श्यामनं उघडला आहे. आणि त्याच श्यामनं मला रविवारी पास केलं आहे.

मागून कोणी हॉर्न वाजवला तेव्हा मी गाडी काढली. राजकमल चौकापर्यंत कशी आले ते आठवत नाही. मनात खदानीचं हिरवट पाणी होतं. बडनेऱ्याच्या पुढे, अकोल्याच्या रस्त्याला, एक जुनी गिट्टीखदान आहे. खोदणारे थांबले, पाणी भरलं, आणि आता तिथे श्याम माणसांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवतो. लोक हसतात, वऱ्हाडात कुठला आला समुद्र? पण श्यामकडे बहुतेक येतात ती बुडालेल्यांना काढणाऱ्या शोध पथकातली पोरं. आपल्याकडच्या विहिरी अरुंद, त्यात मोटारीचे पाइप, दोर, पिंपळाची मुळं. पाठीवर सिलिंडर बांधून उतरलेला माणूस त्यात अडकतो. म्हणून सिलिंडर पाठीवर न घेता दोन बगलांना दोन घ्यायचे. काखेपासून मांडीपर्यंत, अंगाला चिकटून. प्रत्येकाचा व्हॉल्व्ह वेगळा, तोंडात धरायची नळी वेगळी. एक बिघडला तर तो बंद करायचा, दुसरा उघडायचा आणि त्याची नळी तोंडात घ्यायची. इंग्रजीत साइडमाउंट म्हणतात. पहिल्या दिवशी श्यामनं सांगितलं होतं, 'मॅडम, याच्यात कोनाची वाट पाहाची गरज नाई. सारं आपल्याच काखेत.' हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की घरी येऊन मी ते स्वतःशी दोनदा म्हटलं. माझ्या कमरेलाही तेच सोयीचं होतं. नागपूरला मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून पाठीवर ओझं चालत नाही. इथे सिलिंडर एकेक करून पाण्यापर्यंत न्यायचे आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून अडकवायचे. म्हणजे न्यायचे असतात. माझे श्यामच नेत होता.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका रेघेसाठी. नोकरी लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत मी फळ्यावर समुद्रबूड जमीन काढली. किनारा पांढऱ्या खडूनं, त्यापुढे उतरती रेघ, रेघेवर निळा खडू आडवा घासायचा. इथपर्यंत उथळ, इथून उतार, इथून खोल. पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि मी डस्टरनं समुद्र पुसून टाकायची. स्वतः समुद्र पाहिला तो कोकणात, घोट्याएवढा, वकीलसाहेबांचा हात धरून. वकीलसाहेब म्हणजे माझे यजमान, कमलाकांत. त्यांना पाण्याची भीती. ते गेले, त्यानंतर कधीतरी मनात आलं की ती रेघ आपण एकदा डोळ्यांनी बघावी. जिथे जमीन संपत नाही, नुसती खाली जाते, ती जागा. दिवाळीनंतर अंदमानला जायचं ठरलं आहे. श्यामच्या ओळखीचा बोटवाला आहे तिथे. श्याम यायला निघाला होता, मीच ऐटीत म्हटलं, नको येऊस, मला येतं आता. तिथे पाण्यात सोबतीला कोणी असेल, पण तो मला न ओळखणारा असेल. बाई पास आहे, बाईला येतं, असं धरून चालेल. उजवा सिलिंडर बिघडला आणि डावा हात असाच रिकामा राहिला तर मी मरेन. इतकं साधं आहे ते.

श्याम माझा विद्यार्थी. अकोटच्या शाळेत मी भूगोल शिकवायची तेव्हाचा. महादेवरावांचा धाकटा, घरी कपाशीची शेती, वर्गात शेवटच्या बाकावर. नदीच्या नकाशात त्यानं नर्मदा पूर्वेला नेऊन बंगालच्या उपसागरात सोडली होती. मी मारलं नाही, रागावले नाही, नकाशा परत काढायला लावला. परत चुकला, परत लावला. वर्ग सुटला, पोरं घरी गेली, मी खुर्चीत बसून राहिले आणि तो काढत राहिला. शेवटी रडत रडत त्यानं ती अरबी समुद्राला नेऊन मिळवली. तोच सांगतो हे, हसून. बारावीनंतर अंदमानला हॉटेलात कामाला गेला, तिथे पाण्याखालचं शिकला, पुढे शिकवायला लागला, आणि महादेवरावांना लकवा झाला तेव्हा परत आला. पहिल्या दिवशी खदानीच्या काठावर त्यानं मला ओळखलं आणि ओल्या कपड्यांनी वाकून पाया पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. निवृत्त मास्तरणीच्या कोण पाया पडतं हल्ली? तिथेच सगळं बिघडलं. पण नमस्कारात काही बिघडतं असं कोणाच्या मनात येणार.

माझ्याबरोबर आरती शिकते. बडनेऱ्याची, होमगार्डमध्ये आहे, लग्नाची पोर, पण आवाज फौजदाराचा. तिला तो अक्षरशः सोलून काढतो. 'आरती, हात कुठी हाय तुहा? वर ये. पुन्हा.' सिलिंडरची मान धरणारं तिचं काखेतलं रबर ढिलं निघालं तर तिला काठावर उभं करून सगळं सोडायला लावलं, रबर कापायला लावलं, गाठ तिलाच मारायला लावली, ती सुटली तर परत. ती मला म्हणाली, 'काकू, तुमच्यावाला सर लय गोड हाय ना. माह्यावाला काहून असा?' आम्ही दोघी हसलो. एकच माणूस होता तो. मला म्हणायचा, 'मस्त मॅडम, एक नंबर.' मी हात वर करून उभी राहायची, मुंजीतल्या बटूसारखी, आणि तो सिलिंडर अडकवायचा, नळ्या रबराखाली खोचायचा, नॉब फिरवून बघायचा. 'राहू द्या मॅडम, मी हाय ना.' पाण्याखाली तो खूण करायचा की डावा उघडा. माझा हात काखेमागे जायचा, चाचपायचा, बोटांना रबर लागायचं, पत्रा लागायचा, आणि मग काही फिरायचं आणि हवा यायची. मला वाटायचं मी फिरवलं. आता गाडीवर बसल्या बसल्या मी त्या नॉबचा स्पर्श आठवू लागले. त्याला खाचा आहेत की तो गुळगुळीत आहे? उजव्याच्या खाचा मला पाठ आहेत. डाव्याचं काहीच आठवेना. आठवली ती माझ्या बोटांवर टेकलेली दुसरी बोटं, गरम. खदानीच्या त्या गार पाण्यात गरम दुसरं काय असणार होतं?

घरी आले, भाजी तशीच ओट्यावर टाकली आणि अंधार पडेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. नागपूरच्या डॉक्टरची खोली आठवत होती. डॉक्टरनं मला विचारलं, कुठे दुखतं? वकीलसाहेब म्हणाले, कमरेत, आणि डाव्या पायात मुंग्या येतात. दिवसा की रात्री? रात्री जास्त, हे म्हणाले, कूस बदलताना. डॉक्टर माझ्याकडे बघून विचारत होता आणि उत्तर शेजारच्या खुर्चीतून येत होतं. आणि उत्तरं सगळी बरोबर होती हो. तीच तर पंचाईत. एकसुद्धा चूक नाही. जन्मभर कोर्टात दुसऱ्यांच्या वतीनं उभा राहिलेला माणूस, घरी आल्यावर माझ्या वतीनं उभा राही. बँकेत, दुकानात, मुलाच्या, श्रेयसच्या शाळेत. रात्री मी कूस बदलली की तो जागा होई, म्हणून तर त्याला मुंग्या माहीत. अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून? प्रेम होतं ते, निखळ, मी नाही म्हणत नाही. ते गेल्यावर एकदा मला छातीत भरून आलं म्हणून डॉक्टरणीकडे गेले. तिनं विचारलं, नेमकं काय होतंय? ती पेन धरून वाट बघत राहिली आणि मी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे माझी पर्स ठेवली होती. मला खरंच सांगता येईना. दुखत होतं, पण कुठे, कसं, त्याला शब्दच नव्हते माझ्याकडे. मी 'ॲसिडिटी असेल' म्हणून उठून आले.

अशी नव्हते मी. अकोटच्या मळ्यात ललिताआत्यानं मला विहिरीत पोहायला शिकवलं होतं. नऊवारीचा कासोटा मारून ती स्वतः मगरीसारखी पोहायची. माझ्या कमरेला दोर बांधून तिनं मला ढकललं आणि दोराचं टोक हातात धरून पायरीवर बसली. मी गटांगळ्या खाल्ल्या, ओरडले, तिनं दोर ओढला नाही. 'पाय मार,' एवढंच म्हणाली. बाहेर आल्यावर मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. मग परत गेले, आपण होऊन. ती पोर कुठे गेली, कोणत्या वर्षी, कोणत्या खुर्चीत बसल्यावर, याचा मी अंधारात विचार करत होते. तेवढ्यात पुण्याहून श्रेयसचा फोन आला. त्याला मी व्हॉल्व्हचं सांगितलं. सांगायला नको होतं. तो म्हणाला, 'आई, श्याम करतोय ना, मग करू दे ना. त्यालाच घेऊन जा अंदमानला. तुला या वयात कुणाला काय दाखवायचंय?' अगदी वडिलांचा आवाज, तसाच काळजीनं भिजलेला. मी म्हटलं, 'दाखवायचं नाही रे, बघायचंय.' त्याला ते समजलं नाही. मला राग आला, त्याचा, श्यामचा, आणि त्या पानठेल्यावरच्या परक्या पोराचासुद्धा.

सकाळी मी थेट खदानीवर गेले. श्याम शेडमध्ये सिलिंडर भरत होता. मला पाहून त्यानं कॉम्प्रेसर बंद केला आणि पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

'श्याम, मले पास काहून केलं?'

वऱ्हाडीत बोलले की तो जरा बावरतो. वर्गात मी पुस्तकी बोलायची.

'तुमाले येते म्हनून केलं.'

'डावा वॉल मी कधी उघडला?'

त्यानं पाण्याकडे पाहिलं. काठावर एक बगळा उभा होता, त्याच्याकडे बघत राहिला. 'मॅडम, खांदा आखडते तुमचा. हात पुरत नाई. म्हटलं, कायले तरास द्याचा. जराशी मदत केली. त्यात काय एवढं?'

'आरतीले केली असती?'

'आरतीले विहिरीत उतराचं हाय.'

'अन् मी काय बादलीत उतरून राहिली का रे?'

तो हसला नाही. हातातलं फडकं घडी करून ठेवलं, परत उलगडलं. 'मी तुमाले नापास कसा करू? तुमी माह्या मॅडम. माह्या आईले मी म्हनू शकत नाई का तुले येत नाई.'

'तिले पान्यात उतरवशीन तं म्हनाच लागन. नाईतं मारशीन एखाद्या दिवशी, पाया पडता पडता.'

हे मी फार कडू बोलले. त्याचा चेहरा उतरला, पण मला मागे घ्यावंसं वाटलं नाही. मी सांगितलं, आज परत परीक्षा घे. डावा बंद ठेवायचा. खाली गेल्यावर उजवा मी स्वतः बंद करीन, आणि डावा स्वतः उघडीन. तुझे हात छातीवर बांधलेले पाहिजेत, काही झालं तरी. जीव जायला लागला तर गोष्ट वेगळी. तो म्हणाला, 'जीव जाचा टाइम मी ठरवीन. ते तुमी नाई ठरवाचं.' हे बोलताना तो पहिल्यांदा शिक्षकासारखा दिसला मला.

सिलिंडर मी नेले. एकेक. मध्ये दोनदा टेकवून, कंबर धरून उभी राहिले. तो शेजारून रिकाम्या हातांनी चालत होता आणि त्याला ते सोसवत नव्हतं. त्याची बोटं सारखी हलत होती. पाण्यात उभी राहून मी खालचे हूक अडकवले, वरची मान काखेतल्या रबरात अडकवली, नळ्या खोचल्या. तेवढ्या वेळात आरतीनं जेवणसुद्धा उरकलं असतं. मग आम्ही खाली गेलो, दोन पुरुष खोल, जिथे खदानीचा दगडी ओटा आहे. पाणी हिरवं, त्यात मातीचे कण तरंगणारे. श्याम समोर आडवा तरंगत होता, हात छातीवर बांधून. त्यानं मान हलवली. मी उजव्या हातानं उजवा नॉब फिरवला, खाचा बोटांखाली एकामागून एक गेल्या, ओळखीच्या. पुढचा श्वास आला. त्याच्या पुढचा जड आला, उन्हाळ्यातल्या हापशीसारखा, ओढावा लागला. मग काहीच आलं नाही. मी नळी सोडली, गळ्यातली दुसरी तोंडात धरली आणि डावा हात मागे नेला. रबर लागलं. पत्रा लागला. त्यामागे, नॉब जिथे असायला हवा तिथे, पाणी होतं. मी आणखी मागे नेला, खांद्यातून कळ गेली, बोटांची टोकं कशाला तरी घासली आणि निसटली. छाती आत ओढायला लागली. मला माहीत होतं की उजवा परत उघडता येतो, तो हाताशी आहे, पण ते माहीत असणं फार लांब कुठेतरी होतं, दुसऱ्याच कोणाच्या डोक्यात. श्यामचा हात छातीवरून सुटून माझ्या काखेकडे आला. मी जोरानं मान हलवली. नाही. तो हात तिथेच थांबला, आणि परत गेला. त्याच्या काचेमागचे डोळे मला दिसत होते, मोठे, आणि त्यांत इतकी भीती होती की ती बघून मलाच त्याची दया आली. मी परत चाचपलं. पाणीच. कडांनी सगळं काळं होऊ लागलं. तेव्हा त्यानं स्वतःच्या तोंडातली नळी काढली आणि माझ्या तोंडासमोर धरली. व्हॉल्व्हला हात लावला नाही. तोंडातही कोंबली नाही. नुसती धरली. घ्यायचं काम माझ्यावर सोडलं. मी घेतली. तो हवेचा पहिला घोट आत गेला आणि मी जिवंत आहे हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

वर आलो. काठाच्या दगडाला धरून मी खोकत होते. त्यानं चष्मा काढून डोक्यावर ढकलला.

'नापास,' तो म्हणाला. 'मॅडम, तुमी नापास. मेल्या असत्या तुमी आज.'

मी मान हलवली.

'उजवा काहून नाई उघडला? तो तं येते तुमाले.'

'घाबरले.'

'घाबरनारच. मी ते नाई इचारून राहिलो. उजवा काहून नाई उघडला?'

तो थांबला. माझ्याकडे बघत, पाण्यात पाय मारत, थांबूनच राहिला. मी विचार केला. खरंच केला. 'डावाच उघडायचा, हे इतकं डोक्यात बसलं होतं, की उजवा आहे हेच विसरले,' मी म्हणाले. हे उत्तर माझं होतं. अगदी नेमकं होतं. मला इतका आनंद झाला की खोकल्यातून हसू आलं, आणि माझ्या उत्तरासाठी थांबून श्यामनं आज मला पहिल्यांदा काहीतरी दिलं असं वाटलं.

'हं,' तो म्हणाला. मग पाण्याकडे बघून, खालच्या आवाजात, 'खांद्याचं मी खोटं सांगतलं. पट्टा ढिला हाय तुमचा. खालचा. मांड्यांमधून येते तो. तो ढिला असला का सारा साज वर सरकते, अन् वॉल काखेच्या मांगं जाते. पयल्या दिवशीच दिसलं मले. पन सांगू कसा? तुमाले? तिथचा पट्टा?'

मला पहिला दिवस आठवला. पट्टा माझ्या हातात देऊन हा तोंड फिरवून बगळे मोजत उभा राहिला होता, आणि मीही लाजून, साडीच्या पदरासारखा, तो नुसता गुंडाळून घेतला होता. दोघांनी मिळून. दोन शहाणी माणसं, एका पट्ट्याचं नाव घ्यायला लाजली.

'कासोटा म्हण,' मी म्हणाले. 'माझी आत्या म्हणायची. लाज कशाची त्यात.'

आम्ही कमरेएवढ्या पाण्यात आलो. तो माझ्या मागे आला. या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही. 'सरळ उभ्या राहा,' तो म्हणाला. 'बकल तुमच्या पाठीशी हाय, आज मी दाखवतो, उद्यापासून तुमी. श्वास सोडा.' मी सोडला. त्यानं पट्टा ओढला, आणखी ओढला, सगळा साज अंगाशी खाली खेचला गेला, आणि ऑपरेशनच्या जागी, मांडीत, खांद्यात, सगळीकडे एकदम आवळलं. माझ्या तोंडून आवाज निघाला.

'दुखते?'

'हो.'

'कुठी?'

'कमरेत. डावीकडे, टाक्यांच्या खाली.'

'दुखू द्या,' तो म्हणाला, आणि मागे सरून उभा राहिला. 'चला. पुन्हा.'